उष्णोदकाचे झरे आणि गावची विहीर

गोव्याहून महामार्गाने मुंबईस जाणाऱ्या प्रवाशास राजापूर हे गाव चांगलेच परिचयाचे असते. त्या गावापासून जवळच उन्हाळे नावाचे खेडे असून तेथे गरम पाण्याचा झरा बारमाही वाहतो. थोडे पुढे गेल्यावर संगमेश्वर तालुक्यात तुरळ, राजवाडी आणि आरवली ही गावे लागतात. तेथेही उष्णोदकाची कुंडे आहेत. त्याच्याही उत्तरेस उन्हवरे, महाडजवळचे सव, पालीजवळचे उन्हेरे आणि तानसा नदीच्या काठची अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी अशी ही मालिका थेट पालघर जिल्ह्यातील कोकनेरेपर्यंत गेलेली आहे. सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, सुमारे साडेतीनशे किलोमीटर लांबीत, हे झरे विखुरलेले आहेत.

यांतील काही गावांची नावेच बोलकी आहेत. ऊन म्हणजे गरम. उन्हाळे, उन्हवरे, उन्हेरे, तसेच गुजरातेतील उनाई ही नावे ऊन पाण्यावरूनच पडलेली आहेत. गोमंतकात आपण घरोघरी आजही 'हून उदक' म्हणतो, तो हाच शब्द होय. भूगर्भशास्त्र या देशात येण्यापूर्वी शेकडो वर्षे आपल्या लोकांनी या स्थळांची नोंद गावाच्या नावातच करून ठेवली होती.

ही मालिका राजापुरापाशी संपते व गोव्यात पोचत नाही. मग गोव्यातील ग्रामस्थांनी, पंचायतींनी आणि शिक्षकांनी या विषयाकडे लक्ष का द्यावे, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. केंद्र शासनाच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय भू-औष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केले. वीजनिर्मितीखेरीज अन्नपदार्थ वाळविणे, शीतगृहे आणि इमारतींचे तापमान राखणे अशा कामांसाठीही भूगर्भातील उष्णता वापरावी, अशी त्याची दिशा आहे. त्यामुळे आजवर पुस्तकात राहिलेला हा विषय यापुढे अर्ज, परवाने आणि विंधनयंत्रे यांच्या रूपाने गावाच्या वेशीपर्यंत येणार. तो आला म्हणजे मूळ प्रश्न उष्णतेचा नसून पाण्याचा आहे, असे आढळून येईल. आणि पाण्याचा प्रश्न गोव्यास नवा नाही.

उष्णता कोठून येते

पृथ्वीच्या पोटात जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढत जाते. बहुतेक ठिकाणी ही वाढ दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सियस इतकी असते. कोकणात जमिनीलगतचे तापमान २७-२८ अंश धरले, तर दोन किलोमीटर खोलीवरील खडक सुमारे ८० अंशांपर्यंत तापलेला असावयास हवा. म्हणजे कोकणातील झऱ्यांसाठी जिवंत ज्वालामुखीची गरज नाही. गरज आहे ती पाणी इतके खोल नेऊन पुन्हा वर आणणाऱ्या वाटेची. सह्याद्रीच्या पायथ्याशी बेसाल्टच्या थरांत व त्याखालच्या जुन्या खडकांत उभ्या भेगा आहेत. पावसाचे पाणी त्यांतून खाली उतरते, तापते, तापल्यामुळे हलके होते आणि दुसऱ्या भेगेने वेगाने वर येते. जेथे ही वाट मोकळी असते तेथे पाणी कढत राहते. जेथे वर येताना त्यात उथळ थरातील थंड पाणी मिसळते तेथे ते कोमट होते. म्हणूनच उन्हवऱ्याचे पाणी सुमारे ७० अंश, तुरळचे सुमारे ६० अंश, तर राजापूरजवळचे ४० अंशांच्या थोडेसे वर असा फरक दिसून येतो.

या झऱ्यांचे पाणी मुळात पावसाचेच आहे, असे शास्त्रज्ञांनी पाण्यातील हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या समस्थानिकांच्या परीक्षणावरून दाखविले आहे. हा मुद्दा लहान वाटला तरी महत्त्वाचा आहे. कुंडातील पाणी पाताळातून अखंड उत्पन्न होते, ते कितीही काढले तरी आटत नाही, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. खडकातील उष्णता खरोखरच अफाट आहे. पण ती वर घेऊन येणारा वाहक पाणी आहे, आणि पाणी मोजकेच आहे. शिवाय हा प्रवास विलक्षण मंद गतीने होतो. अशा झऱ्यांतून आज वर येणारे पाणी पुष्कळदा अनेक दशकांपूर्वी, क्वचित त्याहूनही फार पूर्वी पडलेल्या पावसाचे असते. यंदा खर्च केले आणि पुढच्या पावसाळ्यात भरून आले, असा हिशेब येथे लागू पडत नाही.

भूगर्भातील साठा भरण्यास वेळ लागतो, हे राजापूरची गंगा सर्वांच्या डोळ्यांदेखत दाखवून देते. तेथील चौदा कुंडांत पाणी एकाएकी प्रकट होते, काही काळ वाहते आणि नंतर लुप्त होते. पूर्वीपासून दर तीन वर्षांनी गंगा येते असे सांगत, परंतु तिचे येणे-जाणे नेहमीच त्या नियमाने होते असे नाही. शास्त्रज्ञ याचा उलगडा वक्रनलिकेच्या तत्त्वावर करतात. खडकातील पोकळी विशिष्ट पातळीपर्यंत भरली की वाकड्या वाटेने पाणी ओढले जाऊन सारी पोकळी रिकामी होते, आणि पुन्हा भरेपर्यंत प्रवाह थांबतो. श्रद्धाळू मनास या उलगड्याने बाधा येण्याचे कारण नाही. शाळेत मात्र एक बाटली आणि रबरी नळी घेऊन हा प्रयोग करून दाखविता येतो, आणि मुलांना तो फार आवडतो.

या उष्णतेचे मोल किती

एखाद्या झऱ्याखाली दहा लिटरचा डबा धरला आणि तो वीस सेकंदांत भरला, असे समजू या. म्हणजे मिनिटाला ३० लिटर आणि दिवसाकाठी ४३,२०० लिटर पाणी वाहते. ते ७० अंशांवरून ४० अंशांपर्यंत निववून त्यातील उष्णता कामी लावली, तर प्रत्येक लिटरमागे ३० किलोकॅलरी, म्हणजे आहारशास्त्रात ज्यांस आपण उष्मांक म्हणतो ते ३० उष्मांक मिळतात. दिवसाची बेरीज तेरा लक्षांच्या आसपास जाते. एवढी उष्णता सुमारे साडेतीनशे किलो सुके लाकूड पूर्ण जाळल्यावर मिळते. आपल्या भट्ट्यांतून निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाते, हे लक्षात घेतले तर प्रत्यक्षात वाचणारे सरपण त्याच्या दुपटीहून जास्त भरेल. ही ऊर्जा रात्रंदिवस, पावसाळ्यातही आणि वीज गेली तरीही उपलब्ध असते.

तिचा सर्वांत सोपा उपयोग जागच्या जागी करावयाचा असतो, कारण उष्णता दूर वाहून नेता येत नाही. आमसुले, आंबापोळी, फणसाचे गरे किंवा मासळी ढगाळ हवेत वाळविण्यास पन्नास-साठ अंशांची कोरडी हवा पुरे होते. उकडा तांदूळ करताना भात प्रथम गरम पाण्यात भिजवावे लागते, त्या पायरीस ६०-७० अंशांची उष्णता योग्य असते. मात्र येथे एक खबरदारी आवश्यक आहे. कोकणातील पुष्कळशा उष्णोदकांत क्षार बरेच असून काहींत फ्लोराइडही आढळते. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा साधा स्रोत नसेल तरच दीड मिलिग्रॅमपर्यंत चालावे, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. तेव्हा झऱ्याचे पाणी धान्यात घालू नये. ते बंद नळीतून फिरवावे आणि नळीभोवतीच्या हवेस अथवा स्वच्छ पाण्यास त्याची केवळ उष्णता द्यावी. उष्णता घेऊन पाणी जसेच्या तसे पुढे जाऊ देण्याची ही पद्धत लक्षात ठेवावी. पुढील विवेचनात तिचे महत्त्व पुन्हा येणार आहे.

विजेविषयी मात्र जपून बोलले पाहिजे. अमेरिकेतील अलास्का प्रांतात चेना येथे ७४ अंशांच्या पाण्यावर दोनशे किलोवॅटचे यंत्र २००६ सालापासून चालू झाले, हे उदाहरण आपल्याकडील भाषणांत हटकून येते. उन्हवऱ्याचे पाणी त्याहून चारच अंश थंड आहे, मग तेथे वीज का नाही, असा प्रश्न त्यापाठोपाठ येतो. यंत्राचे काम उष्ण टोक आणि थंड टोक यांमधील अंतरावर चालते, हे त्याचे उत्तर होय. चेना येथे थंड टोकास सुमारे ४ अंशांचे पाणी मिळते, म्हणून अंतर ७० अंशांचे पडते. कोकणात नदीचे पाणीच २८ अंशांचे. अंतर राहते ४२ अंशांचे. तेवढ्यावर मिळणारी वीज अल्प आणि महाग असणार. लडाखमधील पुगा खोऱ्यासारख्या स्थळी परिस्थिती वेगळी आहे, आणि देशात विजेची खरी आशा तेथेच आहे. तेलंगणात मणुगुरू येथे सिंगरेणी कोळसा कंपनीने २० किलोवॅटचा लहान प्रायोगिक संच उभारला. हिमाचल प्रदेशात मणिकर्ण येथील ५ किलोवॅटचे यंत्र दरडीखाली नष्ट झाले. या प्रयोगांचे मोल अनुभवाचे आहे. त्यांच्या आधारे कोकणच्या झऱ्यांवर गावेच्या गावे उजळतील, असे आश्वासन कोणी देऊ नये. अधिक उष्ण पाण्यासाठी खोल विंधन करता येईल, नाही असे नाही. परंतु तसे केल्याने वरच्या झऱ्यांचे काय होते, याचा अनुभव इतर देशांनी घेतलेला आहे.

रोटोरुआ शहराची हकीकत

न्यूझीलंड देशात रोटोरुआ नावाचे शहर आहे. त्याच्या खालीच उष्णोदकाचा मोठा साठा असून शहराच्या कडेस व्हाकारेवारेवा येथे माओरी लोकांची वस्ती आहे. तेथे पोहुतू नावाचा पाण्याचा फवारा जमिनीतून उंच उसळतो. माओरी लोक पिढ्यान् पिढ्या त्या ऊन पाण्यात अन्न शिजवीत, स्नाने करीत आणि तेथे येणाऱ्या प्रवाशांना हे दृश्य दाखवून चरितार्थ चालवीत.

विसाव्या शतकात शहरातील लोकांनी आपापल्या आवारात कूपनलिका घेण्यास प्रारंभ केला. खोदाई फार खोल नव्हती, खर्चही बेताचा होता. घर ऊबदार ठेवावे, नळास गरम पाणी यावे, धर्मशाळेत अथवा हॉटेलात स्नानाचा हौद असावा, एवढीच प्रत्येकाची इच्छा. कोणीही कारखाना काढला नाही की अधाशीपणा केला नाही. आपली एक नळी ती काय, असे प्रत्येकास वाटले. वापरलेले पाणी उथळ शोषखड्ड्यात किंवा गटारात सोडून दिले जाई. ज्या खोल थरातून ते आले तेथे ते परतत नसे. विशेष म्हणजे पुष्कळ नळ्यांतून पाणी गरजेपेक्षा कितीतरी अधिक वाहत राही.

हळूहळू झरे आटू लागले. १९७९ साली पापाकुरा नावाचा फवारा बंद पडला, तेव्हा लोकांचे डोळे उघडले. तपासणीअंती साठ्यातील दाब उतरल्याचे दिसून आले. मग १९८६ साली शासनाने पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतील सर्व कूपनलिका बंद करण्याचा हुकूम काढला आणि उरलेल्यांवर स्वामित्वशुल्क बसविले. विरोध झाला. ज्यांच्या घरातील ऊब गेली त्यांची तक्रार खोटी होती असेही म्हणता येत नाही. तथापि त्यानंतर साठ्यातील पाण्याची पातळी चढू लागली आणि काही झरे पुन्हा वाहू लागले. पापाकुरा फवारा २०१५ साली पुनश्च उसळला. मध्ये छत्तीस वर्षे गेली.

त्याच देशात वैराकेई येथे १९५८ साली मोठे भू-औष्णिक विद्युत केंद्र सुरू झाले. आरंभी तेथे प्रचंड प्रमाणात पाणी उपसून वापरानंतर नदीत सोडीत. जवळच्या खोऱ्यातील प्रसिद्ध फवारे काही वर्षांतच कायमचे थंडावले आणि एके ठिकाणी जमीन हळूहळू पंधरा मीटरांच्या आसपास खचली. तेथील फवारे काही परत आले नाहीत.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या 'द गीझर्स' या क्षेत्राची कथा अशीच सुरू झाली. शेवट मात्र निराळा झाला. तेथे १९६० पासून भूगर्भातील वाफेवर वीज काढली जाते. १९८० नंतरच्या दशकात एकामागून एक केंद्रे वाढली, आणि दशकाच्या अखेरीस वाफेचा दाब इतका घसरला की पुढे उत्पादन निम्म्याच्या घरात आले. खडक पूर्वीइतकाच तप्त होता. संपत चालले होते ते पाणी. मग जवळपासच्या वस्त्यांचे शुद्ध केलेले सांडपाणी नळाने आणून खोल जमिनीत सोडण्याची योजना आखण्यात आली. पहिली वाहिनी १९९७ साली आणि सांता रोझा शहराची दुसरी वाहिनी २००३ साली सुरू झाली. घसरण बरीच सावरली आणि शहरांच्या सांडपाण्याचीही सोय लागली. या पुनर्भरणामुळे त्या परिसरात लहान लहान भूकंपांची संख्या वाढली, हेही सांगितले पाहिजे. डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्या प्रदेशाने सोसला आहे, तेथे खोल विंधन करताना ही बाब प्रथमपासून विचारात घ्यावी लागेल.

गोव्याची विहीर

रोटोरुआची हकीकत वाचताना गोव्यातील वाचकास आपल्याच वाड्यावरील कूपनलिका आठवल्या असतील. आपल्याकडे पाऊस सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांवर विहिरी तळ गाठतात. याचे कारण जमिनीच्या रचनेत आहे. वरचा जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी त्यात चटकन मुरते; खाली चिकण मातीचा थर लागतो, तेथे ते अडते आणि सड्याच्या पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर पडते. याच झरींवर आपली कुळागरे उभी राहिली. जांभा ही अशा रीतीने वरून भरणारी व खालून पाझरणारी घागर आहे. तिच्या पाझराच्या वाटेवर भरमसाट उपसा झाला, तर डोंगरउतारावरील झर प्रथम आटते, नंतर कुळागर सुकते, आणि मग सर्वांत शेवटी कूपनलिकेच्या मालकाच्या ते लक्षात येते. डिचोली, सत्तरी व सांगे या तालुक्यांत खनिजाचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेल्यावर आणि त्यांतील पाणी पंपांनी बाहेर टाकले गेल्यावर आसपासच्या विहिरींवर काय ओढवले, हे तेथील ग्रामस्थांना निराळे सांगावयास नको.

किनाऱ्यालगत धोका आणखी वेगळा आहे. बार्देश, तिसवाडी, सासष्टी या तालुक्यांत गोडे पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे पाणी किंचित हलके असल्यामुळे समुद्रसपाटीच्या वर त्याची पातळी जेथे एक मीटर असते, तेथे खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोड्या पाण्याचा थर असू शकतो. हा हिशेब जितका सुखावह, तितकाच उलटा धरला असता भयावह आहे. उपशाने पातळी एक मीटर खाली गेली तर कालांतराने खालून खारे पाणी चाळीस मीटर वर चढू शकते. जमिनीवरचे खारे पाणी अडविण्यासाठी आपल्या पूर्वजांनी खाजनाचे बांध घातले व मानशी बसविल्या. जमिनीखाली असा बांध घालता येत नाही. तेथे समुद्रास थोपविणारी शक्ती गोड्या पाण्याच्या दाबाचीच. एकदा खारट झालेली विहीर गोडी होण्यास किती पावसाळे लागतील, याची हमी कोणीही देणार नाही.

यासाठीच गोवा भूजल नियमन अधिनियम, २००२ करण्यात आला. त्याखाली असलेल्या विहिरींची नोंदणी करणे, नवी विहीर अथवा कूपनलिका खणण्यापूर्वी भूजल अधिकाऱ्याची परवानगी घेणे आणि टँकरने पाणी वाहून नेण्यावर नियंत्रण ठेवणे, अशा तरतुदी आहेत. अमलाचे काम जलस्रोत खात्याकडे आहे. परवानगी ही औपचारिकता आहे, असे समजून आधी खोदाई आणि मागाहून अर्ज असा प्रकार काही ठिकाणी घडतो. अधिकाऱ्यानेही अर्जावरील सर्व्हे क्रमांक तपासून भागत नाही. शेजारच्या विहिरींची मे महिन्यातील पातळी काय होती, हे विचारल्यावाचून दिलेली परवानगी अंधारात दिलेली परवानगी होय.

आता भू-औष्णिक धोरणाच्या ओघात गोव्यात कोणत्या स्वरूपाचे प्रस्ताव येऊ शकतील, ते पाहू. उष्णोदक नसले तरी जमिनीच्या पोटातील स्थिर तापमानाचा उपयोग मोठ्या इमारती थंड ठेवण्यासाठी करता येतो. खोलीतील उष्णता यंत्राने काढून ती जमिनीत सोडावयाची, ही त्यातील कल्पना. ज्या देशांत हिवाळा कडक असतो तेथे याचा लाभ मोठा असतो. आपल्याकडे काही मीटर खोलीवरील जमीनही २७-२८ अंशांची असते, त्यामुळे लाभ माफक राहील, आणि वर्षभर एकाच दिशेने उष्णता सोडल्यास भोवतालची जमीन हळूहळू तापत जाईल. तरीही कोणी हॉटेल वा रुग्णालय असा प्रस्ताव घेऊन आले, तर पंचायतीने एकच प्रश्न प्रथम विचारावा. नळी बंद आहे की उघडी? बंद नळीत तेच ते पाणी फिरत राहते, भूजलाचा थेंबही खर्च होत नाही. उघड्या पद्धतीत विहिरीतून पाणी उपसले जाते. ते त्याच थरात परत जाणार नसेल, तर तो कूपनलिकेचाच अर्ज आहे, नाव तेवढे निराळे. कोकणातील कुंडांजवळ येणाऱ्या प्रस्तावांनाही हाच प्रश्न लागू आहे. तेथे आणखी एक दक्षता हवी. क्षारयुक्त गरम पाणी उथळ विहिरींच्या थरात सोडणे म्हणजे गावच्या पिण्याच्या पाण्यात मीठ कालविणे होय. ते परत जावयाचे तर ज्या खोल थरातून आले तेथेच, आणि उपशाच्या जागेपासून पुरेशा अंतरावर, नाही तर थंड झालेले पाणी मूळ उष्ण साठाच निववून टाकील.

मोजमाप कोणी करावे

रोटोरुआच्या लोकांपाशी जुन्या नोंदी होत्या म्हणून ऱ्हास सिद्ध करता आला. आपल्याकडे वाद उद्भवला की वयोवृद्ध ग्रामस्थांच्या आठवणी पुढे येतात. त्या खऱ्या असतात, परंतु कचेरीत टिकत नाहीत. मोजमापास महाग उपकरणे लागत नाहीत. दोरीच्या टोकास वजन बांधून, विहिरीच्या कठड्यावरील एका निश्चित खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. ते सकाळी, पंप सुरू होण्यापूर्वी, दर महिन्याच्या ठरावीक तारखेस मोजावे. झर असेल तेथे डबा आणि घड्याळ पुरते. उष्णोदकाच्या गावी याच्या जोडीस तापमापक असावा आणि पाणी कुंडात पसरण्यापूर्वी, उगमापाशीच, त्याचे तापमान घ्यावे. किनाऱ्याच्या गावी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, पाण्याचा खारटपणा तपासून घ्यावा. हे काम सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांकडून उत्तम होते. मोठ्यांपेक्षा ती तारीख चुकवीत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. विहिरीच्या काठाशी मात्र त्यांच्यासमवेत शिक्षकाने जातीने असावे.

भरण्याच्या बाजूचा हिशेबही मुलांना घालता येईल. शंभर चौरस मीटर छपरावर ३००० मिलिमीटर पावसाने तीन लक्ष लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी दोन लक्ष चाळीस हजार लिटर उरते. ते गाळणीच्या खड्ड्यातून विहिरीलगत मुरविले तर जांभ्याच्या सड्यावर त्यातील पुष्कळसे काही महिन्यांत पाझरून जाईल, हे खरे आहे. म्हणून छपराच्या पाण्याबरोबरच उतारावर समतल चर आणि ओहोळांवर छोटे बंधारे यांची जोड हवी, म्हणजे पाणी झरीपर्यंत पोचण्यास विलंब लागेल. बंधाऱ्याच्या फळ्या ऑक्टोबरात, ओहोळात प्रवाह असतानाच बसवाव्यात. डिसेंबरात बसविलेल्या फळ्यांमागे अडविण्याजोगे फारसे काही राहिलेले नसते.

नोंदवही पंचायतीच्या कार्यालयात ठेवावी आणि ग्रामसभेत मे महिन्याचे आकडे मोठ्याने वाचावेत. नव्या कूपनलिकेचा अर्ज आला की त्या वहीतील मागील पाच वर्षांच्या मे महिन्याच्या नोंदींची प्रत अर्जास जोडून भूजल अधिकाऱ्याकडे पाठवावी. आज जेथे अशी वही नाही, तेथे पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेपासून ती सुरू करता येईल. पहिल्या पानावर विहिरीचे ठिकाण, कठड्यावरील खूण आणि मोजणाऱ्याचे नाव लिहावे.